क्रीडांगणाचें चलच्चित्रण : कॅमकॉर्डर कसा निवडावा ?

शाळेच्या क्रीडामहोत्सवाचा दिवस उजाडला कीं मैदानाच्या एका बाजूस धांवणारीं मुलें व दुसऱ्या बाजूस हातांत मोबाइल उंच धरून उभे राहिलेले पालक, असें दृश्य हल्लीं गांवोगांवीं दिसतें. शर्यत संपते, टाळ्या वाजतात, आणि घरीं जाऊन तें चित्रण पाहावें तों त्यांत काय दिसतें ? दूरवर हलणारे चार ठिपके, मध्येंच पुढें आलेलें कोणाचें तरी डोकें, आणि वाऱ्याचा घोंघावणारा आवाज ! मुलगा धांवला हें खरें. पण तो कसा धांवला, शेवटच्या दहा पावलांत त्याचा वेग कां मंदावला, यांतील कांहींच त्या चित्रणांत सांपडत नाहीं.

मग सहजच असा विचार पुढें येतो कीं, पालकांनीं वर्गणी काढून किंवा शाळेनें आपल्या क्रीडानिधींतून एक चांगला कॅमकॉर्डर विकत घ्यावा. विचार उत्तम आहे. परंतु ज्या पैशांतून कबड्डीच्या मॅट, फुटबॉलचे चेंडू व धांवण्याचे बूट यावयाचे, त्याच पैशांतून हें यंत्र यावयाचें असतें. तें चुकीचें निवडलें गेलें तर एका वर्षांत कपाटांत धूळ खात पडतें, आणि मुलांच्या तोंडचा घास मात्र गेलेला असतो. म्हणून या यंत्राची पारख कशी करावी, हें विद्यार्थी व पालक या दोघांसही समजेल अशा रीतीनें सांगण्याचा आम्हीं येथें प्रयत्न केला आहे.

खेळाचें चित्रण ही गोष्ट आपल्या प्रांतास नवी नाहीं. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावे दादा म्हणत, यांनीं इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसानें घेतलेल्या अगदीं पहिल्या चलच्चित्रांत तिची गणना होते. म्हणजे आपल्या देशांत चलच्चित्रकलेनें डोळे उघडले तेच मुळीं खेळाकडे पाहत ! आणि त्यांत एक धडाही आहे. कुस्ती एकाच जागीं चालते. स्टँडवर ठेवून हातानें चालवावयाच्या तेव्हांच्या कॅमेऱ्यास ती सोयीची होती. खेळ आणि यंत्र यांचा मेळ बसला पाहिजे, हें तत्त्व तेव्हांही खरें होतें व आजही खरें आहे.

डोळ्यांस जें दिसत नाहीं तें कॅमेरा दाखवितो, हेंही फार पूर्वींच सिद्ध झालें आहे. भरधांव घोड्याचे चारही खूर एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात काय, हा प्रश्न साध्या डोळ्यांनीं सुटत नव्हता. अमेरिकेंत पालो आल्टो येथें जून १८७८ मध्यें एडवर्ड मायब्रिज यांनीं बारा कॅमेरे ओळीनें मांडून धांवत्या घोडीचीं छायाचित्रें एकामागून एक घेतलीं, आणि चारही खूर अधांतरीं असल्याचें चित्रांत स्पष्ट उमटलें. खेळाडूस आपली उडी, आपला पवित्रा, आपली चेंडू टाकण्याची लकब ही अशीच अदृश्य असते. ती त्याला दाखविणें हाच क्रीडाचित्रणाचा खरा उपयोग होय.

कॅमकॉर्डर हा शब्द कॅमेरा व रेकॉर्डर या दोन शब्दांच्या संधीनें झाला आहे. पूर्वीं चित्र टिपणारें यंत्र वेगळें व तें फितीवर उतरवून घेणारें यंत्र वेगळें असे. १९८३ सालीं सोनी कंपनीनें बीटामूव्ही नांवाचें यंत्र विक्रीस आणलें. त्यांत दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. गंमत अशी कीं, त्यावर चित्रण करतां येई, पण तेंच चित्रण त्याच यंत्रावर परत पाहतां येत नसे. पुढें १९९५ सालापासून डीव्ही ही आंकडी पद्धतीची फीत आली, आणि २००६ सालीं सोनी व पॅनासॉनिक यांनीं मिळून एव्हीसीएचडी ही पद्धति जाहीर केली, तिनें फितीचें काम हळूहळू मेमरी कार्डावर गेलें. त्यानंतर मोबाइलमधील कॅमेरे इतके सुधारले कीं, कांहीं कारखान्यांनीं घरगुती कॅमकॉर्डर बनविणें थांबविलें. असें असूनही मैदानावर त्याची जागा पूर्णपणें कोणी घेतलेली नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

आतां मूळ विषयाकडे वळूं. दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं आपण स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे : हें चित्रण कशासाठीं ? बक्षीससमारंभाची आठवण ठेवावयाची असेल तर साधें यंत्रही पुरेल. खेळाडूंच्या चुका सुधारावयाच्या असतील तर चित्र स्पष्ट व मंदगतीनें पाहतां येईल असें हवें. संपूर्ण सामना नोंदून संघाची व्यूहरचना अभ्यासावयाची असेल तर तासभर न थांबतां चालणारें यंत्र हवें. हेतु ठरला म्हणजे अर्धी निवड झालीच असें समजावें.

सर्वांत आधीं पाहावयाचें तें भिंग, म्हणजे लेन्स. मैदानावर खेळाडू आपल्यापासून दूर असतो व आपणांस त्याच्या जवळ जातां येत नाहीं; म्हणून दूरचें जवळ आणणारी झूमची शक्ति येथें फार महत्त्वाची आहे. ती आंकड्यांनींच समजून घेऊं. मोबाइलचें मुख्य भिंग साधारणतः ज्यास २६ मिलिमीटर म्हणतात त्या मापाचें असतें. ५० मीटर अंतरावरून त्यानें पाहिलें असतां चित्राच्या चौकटींत सुमारें ७० मीटर रुंदीचा प्रदेश मावतो. दीड मीटर उंचीचा मुलगा त्या चौकटीच्या उंचीचा जेमतेम सत्ताविसावा भाग व्यापतो. म्हणजे तो ठिपकाच झाला. उलट ५३६ मिलिमीटरपर्यंत झूम करणाऱ्या कॅमकॉर्डरनें त्याच जागेवरून पाहिलें तर चौकटींत सुमारें पावणेचार मीटरांहून कमीच रुंदी येते, व धांवणारा मुलगा चौकट भरून टाकतो. कॅमकॉर्डर अजून टिकून आहे तो याच कारणानें.

परंतु येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत शेंकडों पटींचा झूम छापलेला असतो. तो पुष्कळदां डिजिटल झूम असतो. खरा झूम भिंगाच्या हालचालीनें होतो, त्यास ऑप्टिकल झूम म्हणतात. डिजिटल झूममध्यें यंत्र चित्राचा मधला तुकडा कापून तो ताणून मोठा करतें. कापड ताणलें तर तें वाढत नाहीं, विरळ होतें. तसेंच चित्राचेंही होतें. म्हणून विकत घेणाऱ्यानें केवळ ऑप्टिकल झूमचा आंकडा विचारावा व दुसरा आंकडा ऐकूनही न ऐकल्यासारखा करावा.

भिंगाच्या मागें प्रकाश टिपणारी जी चकती असते ती सेन्सर होय. पूर्वीच्या फिल्मची जागा तिनें घेतली आहे. सेन्सर जितका मोठा तितका तो अधिक प्रकाश गोळा करतो आणि सायंकाळीं किंवा बंदिस्त सभागृहांत चित्र कमी खरखरीत येतें. मग सर्वांनीं मोठाच सेन्सर कां घेऊं नये ? कारण सेन्सर मोठा झाला कीं त्यास पुरणारें दूरदृष्टीचें भिंगही मोठें, जड व महाग होतें. एकाच कारखान्याचीं दोन यंत्रें शेजारीं ठेवली म्हणजे हें ध्यानांत येईल. सोनी कंपनीच्या २०१४ सालच्या एफडीआर-एएक्स१०० या यंत्रांत एक इंची म्हणून ओळखला जाणारा मोठा सेन्सर होता, पण ऑप्टिकल झूम बारा पट. २०१६ सालच्या एफडीआर-एएक्स५३ मध्यें सेन्सर त्याच्या चतुर्थांशाहूनही लहान, पण झूम वीस पट. भर उन्हांतील मोठ्या मैदानास दुसरें योग्य, तर दिव्यांच्या प्रकाशांतील बॅडमिंटनच्या कोर्टास पहिलें. उत्तम यंत्र कोणतें, या प्रश्नास एकच उत्तर नसतें तें यामुळें.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. बहुतेक भिंगें झूम पूर्ण केल्यावर आंत कमी प्रकाश घेतात. वर सांगितलेल्या दुसऱ्या यंत्रांत रुंद बाजूस एफ २ असलेलें छिद्राचें माप झूमच्या टोकास एफ ३.८ होतें, म्हणजे प्रकाश जवळ जवळ चौथाईवर येतो. सकाळच्या उन्हांत हें जाणवत नाहीं, परंतु हिवाळ्यांत संध्याकाळीं पांच वाजतां अंतिम सामना लांबला म्हणजे चित्र काळवंडूं लागतें. सामन्याची वेळ ठरविणाऱ्या शिक्षकांनींही याचा विचार करावा.

आतां गतीचा विचार. चलच्चित्र म्हणजे भराभर घेतलेल्या स्थिर चित्रांची माळ. आपल्या देशांतील यंत्रें साधारणपणें सेकंदास २५ किंवा ५० चित्रें घेतात. शालेय क्रिकेटमधील एखादा गोलंदाज ताशी ९० किलोमीटर वेगानें चेंडू टाकतो असें धरूं. तो चेंडू एका सेकंदांत २५ मीटर जातो. सेकंदास २५ चित्रें घेतलीं तर एका चित्रांतून दुसऱ्या चित्रांत चेंडू एक संपूर्ण मीटर पुढें उडी मारतो. ५० घेतलीं तर अर्धा मीटर. १०० घेतलीं तर पाव मीटर. चेंडूचा टप्पा कोठें पडला व बॅट केव्हां खालीं आली, हें पाहावयाचें असेल तर सेकंदास निदान ५० चित्रें घेणारें यंत्रच घ्यावें. १०० किंवा १२० घेतां आलीं तर अधिकच बरें, कारण तीं चित्रें सावकाश फिरविलीं म्हणजे खेळाडूची हालचाल चौपट पांचपट मंद होऊन दिसते.

येथें पुष्कळ लोक फोर-के या शब्दानें भुलतात. फोर-के चित्रांत साध्या फुल एचडी चित्राच्या चौपट बिंदू असतात हें खरें. परंतु वर उल्लेखिलेलीं दोन्ही यंत्रें भारतीय पद्धतींत फोर-के घेतांना सेकंदास २५ चित्रेंच घेत, आणि ५० चित्रें हवीं असल्यास फुल एचडीवर यावें लागे. खेळाच्या अभ्यासासाठीं बिंदूंपेक्षां चित्रांची संख्या अधिक मोलाची आहे. दोन्ही एकत्र मिळत असतील व खिशास परवडत असतील तर उत्तमच. एकच मिळत असेल तर वेगाची बाजू धरावी.

चित्रें किती घेतलीं याइतकेंच, प्रत्येक चित्र घेतांना पडदा किती वेळ उघडा राहिला, हेंही महत्त्वाचें आहे. यास शटरचा वेग म्हणतात. शंभर मीटर साडेबारा सेकंदांत धांवणारा विद्यार्थी सेकंदास ८ मीटर जातो. शटर एक पन्नासांश सेकंद उघडें राहिलें तर तेवढ्यांत तो १६ सेंटिमीटर सरकतो, आणि चित्रांत त्याची आकृति पुसट होते. त्याचे हातपाय तर धुरासारखे दिसतात. शटर एक पांचशांश सेकंदावर आणलें तर तो केवळ दीड सेंटिमीटराच्या आसपास सरकतो व त्याचा बूट, पायाचा कोन, मुठीची ठेवण सारें स्पष्ट होतें. अर्थात् प्रकाश मात्र दहावा हिस्साच आंत येतो; म्हणून ही युक्ति उन्हांतच चालते. शटरचा वेग हातानें ठरवितां येतो कीं नाहीं, हें विकत घेतांना अवश्य विचारावें. जें यंत्र सर्व कांहीं आपल्याच मनानें करतें तें लग्नसमारंभास ठीक, मैदानास नव्हे.

सभागृहांतील खेळांत एक वेगळीच अडचण येते. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळें कित्येक दिवे सेकंदास १०० वेळां सूक्ष्मपणें लुकलुकतात. डोळ्यांस तें कळत नाहीं, पण कॅमेऱ्यास कळतें, व चित्रांत काळे पट्टे सरकतांना दिसतात. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवलें म्हणजे हा दोष बहुधा नाहींसा होतो. अमेरिकेंतून किंवा इतर ठिकाणांहून आणलेलें यंत्र सेकंदास ३० किंवा ६० चित्रांवर बांधलेलें असूं शकतें. तें आपल्या दिव्यांखालीं त्रास देतें. परदेशांतील नातेवाईकांकडून यंत्र मागविणाऱ्यांनीं तें ५० चित्रांवर आणतां येतें काय, हें आधीं विचारून घ्यावें.

कोणतेंही यंत्र घेतलें तरी त्याच्या जोडीला एक भक्कम ट्रायपॉड घेतलाच पाहिजे. झूम जसा वाढतो तसा हाताचा कंपही वाढतो. पावणेचार मीटरांची चौकट हातांत धरून स्थिर राखणें हें कोणाही माणसाच्या शक्तीबाहेरचें आहे. यंत्रांत कंप शोषून घेणारी योजना असते, आणि ती भिंगाच्या हालचालीनें काम करणारी असावी; पण ती तिपायीची जागा घेऊं शकत नाहीं. ट्रायपॉडच्या माथ्यावर, ज्यांत चिकट द्रवाच्या रोधानें फिरण्याची गति सारखी राहते, तें फ्लुइड हेड असावें. साध्या माथ्यावर कॅमेरा झटके देत फिरतो; यावर तो पाण्यावरील होडीसारखा वळतो. आमच्या मतें, पैसे थोडे असतील तर यंत्र एक पायरी खालचें घ्यावें, परंतु ट्रायपॉड चांगला घ्यावा. यंत्रें दर कांहीं वर्षांनीं जुनीं होतात. चांगली तिपाई मात्र दोनतीन यंत्रांस पुरून उरते.

फोकस म्हणजे चित्र रेखीव करणें. हें काम यंत्र आपोआप करतें, पण मैदानावर पुष्कळदां फसतें. गोलखांबामागील जाळींतून चित्रण केलें तर यंत्र खेळाडूस सोडून जाळीच रेखीव करतें. मध्येंच कोणी आडवें गेलें तर त्याच्यामागें धांवतें. म्हणून फोकस एका अंतरावर बांधून ठेवण्याची सोय असावी. तसेंच भर उन्हांत मागच्या पडद्यावर कांहींच दिसत नाहीं. ज्यांत डोळा लावून पाहावयाची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, आहे असें यंत्र मिळाल्यास सोडूं नये. व्ह्यूफाइंडर नसेल तर पडद्यावर पुठ्ठ्याची काळी झडप बसवावी. हें काम हस्तव्यवसायाच्या तासाला मुलेंही करूं शकतील.

आवाजाकडे बहुधा कोणी लक्ष देत नाहीं. कबड्डीचा दम, खो देण्याची हांक, प्रेक्षकांचा गलका यांवाचून चित्रण मुकें वाटतें. यंत्रास बाहेरून माइक जोडण्याचें छिद्र असावें, आणि त्या माइकवर वारा अडविणारें केसाळ आवरण घालावें. ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याजवळ उभें राहूं नये, एवढ्या साध्या नियमानेंही पुष्कळ चित्रणें वांचतील.

आतां साठवणीचा हिशेब. सेकंदास ५० मेगाबिट या प्रमाणांत फुल एचडी चित्रण केलें तर एका तासास सुमारें २२ ते २३ गिगाबाइट जागा लागते. सेकंदास १०० मेगाबिटच्या फोर-के चित्रणास ४५ गिगाबाइट. म्हणजे ६४ गिगाबाइटच्या एका कार्डावर फोर-के चित्रण दीड तासही पुरत नाहीं. कार्डावर यू३ किंवा व्ही३० अशी खूण असावी. हीं कार्डें सेकंदास निदान ३० मेगाबाइट सतत लिहून घेतात. स्वस्त कार्ड नेमकें अंतिम चढाईच्या वेळीं हात टेंकतें. दिवस संपला कीं सर्व चित्रण दोन वेगळ्या ठिकाणीं उतरवून ठेवावें, आणि मगच कार्ड पुसावें.

बॅटरीही एकाऐवजीं दोन असाव्यात, आणि कारखान्यानें यंत्र बनविणें बंद केलें असेल तर त्याच्या बॅटऱ्या अद्याप मिळतात कीं नाहीं, याची चौकशी आधीं करावी. येथेंच कॅमकॉर्डर व इतर यंत्रें यांतील दुसरा भेद दिसतो. मोबाइल उन्हांत तापला म्हणजे चित्रण बंद करून बसतो. स्थिर छायाचित्रांचे कित्येक कॅमेरे २९ मिनिटें ५९ सेकंदांनंतर थांबत. कारण त्याहून अधिक वेळ चालणारा कॅमेरा युरोपांतील जकातीच्या दृष्टीनें चलच्चित्रणाचें यंत्र ठरे व त्यावर वेगळा कर बसे. कॅमकॉर्डर मात्र संपूर्ण सामना अखंड टिपण्यासाठींच बांधलेला असतो.

मग प्रत्येक शाळेनें कॅमकॉर्डर घेतलाच पाहिजे काय ? नाहीं. खेळ कोणता, त्यावर तें अवलंबून आहे. पुरुषांच्या कबड्डीचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. बाजूस दहाबारा मीटरांवर, वर्गाच्या गच्चीवर किंवा टेबलावर उंच ठेवलेल्या ट्रायपॉडवर चांगला मोबाइल बसविला तर सारें मैदान चौकटींत मावतें व चढाई करणारा आणि सातही बचावपटू एकाच वेळीं दिसतात. खो-खोचें मैदान २७ मीटर लांब. तेंही वीसबावीस मीटरांवरून साधतें. या दोन खेळांत एकट्या खेळाडूपेक्षां साऱ्या संघाची मांडणी पाहणें अधिक उपयुक्त असल्यामुळें फार झूम लागतच नाहीं. ज्या शाळेचे हेच मुख्य खेळ आहेत तिनें मोबाइलसाठीं एक ट्रायपॉड, एक माइक व एक कार्ड घ्यावें, आणि उरलेल्या पैशांतून मॅट घ्यावी.

याच्या उलट क्रिकेट, फुटबॉल, हॉकी व मैदानी शर्यती यांत कॅमकॉर्डरवांचून गत्यंतर नाहीं. क्रिकेटमध्यें गोलंदाजाच्या मागें, खेळपट्टीच्या सरळ रेषेंत, सीमेबाहेर उभें राहावें. तेथून वीस पट झूमनें गोलंदाज व फलंदाज दोघेही चौकटींत येतात. फुटबॉलमध्यें मध्यरेषेवर उंच जागा पाहावी, आणि सामनाभर मैदानाच्या एकाच बाजूस राहावें. नाहींतर पाहणारास कोणता संघ कोणीकडे धांवतो आहे हें कळेनासें होतें. कॅमेरा फार वेगानें फिरवूं नये, कारण बहुतेक सेन्सर चित्र ओळीओळीनें वाचतात व त्यामुळें गोलखांब तिरके झालेले दिसतात.

शर्यतीच्या निकालासंबंधीं मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या कॅमकॉर्डरनें निकाल लावतां येईल, असें पुष्कळांस वाटतें. सेकंदास ८ मीटर धांवणारा मुलगा, सेकंदास ५० चित्रें घेतलीं तर, दोन चित्रांमध्यें १६ सेंटिमीटर पुढें जातो. त्याहून कमी अंतरानें जिंकलेली शर्यत या यंत्रास खात्रीनें सांगतां येणार नाहीं. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीनंतर बार्नी युवेल आपणच जिंकलों असें समजून आनंदानें नाचूं लागले. परंतु फोटो-फिनिश कॅमेऱ्यानें हॅरिसन डिलार्ड पहिले आल्याचें दाखविलें. तो कॅमेरा वेगळ्याच जातीचा : तो फक्त अंतिम रेषेकडेच एका अरुंद फटींतून सतत पाहत असतो. आपला कॅमकॉर्डर शिक्षक आहे, पंच नव्हे. मैदानावर चित्रण दाखवून पंचांशीं हुज्जत घालणें हें यंत्राचा व खेळाचा, दोहोंचाही अपमान करणें आहे.

जुनें यंत्र घेण्यासही हरकत नाहीं, पण फितीवर चालणारें घेऊं नये; फिती व त्या वाचणारीं यंत्रें दोन्ही दुर्मीळ झालीं आहेत. भिंग उजेडाकडे धरून आंत पांढरीं जाळीं दिसतात काय तें पाहावें. ती बुरशी होय. मुंबई व कोंकणच्या पावसाळ्यांत भिंगांस ती फार लवकर लागते. म्हणून यंत्र चामड्याच्या पिशवींत कोंडून न ठेवतां, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह झांकणाच्या घट्ट डब्यांत ठेवावें, आणि महिन्यांतून एकदां बाहेर काढून चालवावें. मैदानावरील तांबड्या धुळीपासून वांचविण्यासाठीं भिंगापुढें एक साधी संरक्षक कांच बसवावी; ओरखडा पडलाच तर कांच बदलतां येते, भिंग बदलतां येत नाहीं.

शेवटीं, यंत्राहूनही नाजूक अशी एक गोष्ट आहे. चित्रांत येतात तीं लोकांचीं मुलें आहेत. आपल्या संसदेनें २०२३ सालीं संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक मानली आहे. पण कायदा नसता तरीही सभ्यतेचा नियम तोच आहे. वर्षारंभींच पालकांची लेखी संमति घ्यावी. पडलेल्या, रडणाऱ्या किंवा हरलेल्या मुलाचें चित्रण थट्टेसाठीं कोणीही पसरवूं नये. खेळाडूची चूक दाखवावयाची ती त्याला व त्याच्या शिक्षकाला, साऱ्या गांवाला नव्हे. ज्या मुलास एकदां आपल्या पराभवाचें हंसें झालेलें पाहावें लागलें, तो पुन्हां मैदानावर पाऊल टाकण्यास कचरतो. आणि एक मूल मैदानापासून दुरावलें तर जगांतील उत्तमोत्तम यंत्र घेऊनही आपण काय मिळविलें?

आमच्या विद्यार्थी-मित्रांस आमची एवढीच सूचना आहे कीं, कॅमेरा हातीं आला म्हणजे तो केवळ पहिल्या क्रमांकामागें धांववूं नये. पहिला आलेला मुलगा सर्वांनींच पाहिलेला असतो. जो शेवटीं आला, परंतु शर्यत न सोडतां रेषेपर्यंत पोहोंचला, त्याचीं शेवटचीं दहा पावलें टिपावीं, आणि पुढील आठवड्यांत त्याच्याशेजारीं बसून तीं सावकाश पाहावीं. त्याचा खांदा कोठें झुकतो, टांच केव्हां टेंकते, श्वास कोठें तुटतो, हें त्यास प्रथमच दिसेल. पालकांसही आमची विनंति अशी कीं, वर्गणी देतांना यंत्राची किंमत विचारावी तसेंच तें कोणाच्या उपयोगी पडणार हेंही विचारावें. त्या मुलाचा वेग पुढील वर्षीं अर्ध्या सेकंदानें जरी सुधारला, तरी त्या यंत्राची किंमत वसूल झाली असें समजण्यास हरकत नाहीं.